उखळात कांडलेली बोली

आमच्या दवाखान्यातल्या गोष्टी म्हंजे ज्वारीतले खडे हायेत बघा. बसून निवडावं, सूप साफ झालं म्हणून उठावं, अन् उठता उठता आणखी दोन दिसतेत! शेजारीण म्हणते, "सोनाबाई, ही गोष्ट मागच्या खेपेला न्हवती सांगितली." न्हवती दिसली बाई तव्हा. आता दिसली, तर घे.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव सेलू स्टेशनापासून बैलगाडीनं निम्म्या दिसाच्या वाटंवर. गावाबाहीर मिशनचा दवाखाना. दोन खोल्या, ओसरी, मागं आंगण, आंगणात दगडी उखळ. तिथं इटली देशाच्या दोन नन राहायच्या. एक म्हातारी, तिला समदे 'मदर' म्हणायचे. दुसरी तरणी, सिस्टर क्लारा.

अन् हाताखाली आमी तिघी. हुसेनबी खाला सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्याच्यामुळं ती कुणालाच दबायची न्हाई. गुरूअक्का लिंगायताची, गळ्यात लिंग, सयपाक तिच्याकडं. अन् तिसरी मी. दुसरीत होते तव्हा मास्तरच्या धोतराला मागून सुतळीचं शेपूट बांधलं, तिथंच माझी तालीम खलास झाली. पुढं ताप घेऊन दवाखान्यात आले, बरी झाले, अन् घरी गेलेच न्हाई.

मदर मला 'ए टवळे' म्हणून हाक मारायची. तीस वरसं हितं राहिलेली बाई, मराठी बोलायची ती आमच्यासारखीच!

*

एका सकाळी मदरला लकवा मारला. उजवं अंग गेलं. दोन दिसांनी जीभ सुटली, तर मराठी न्हाई, उर्दू न्हाई, काहीच न्हाई. समदं पुसून गेलं. मागं राहिली ती निस्ती आईच्या दुधासंगं आलेली बोली. इटलीची.

सिस्टर क्लारा औषध आणाया परभणीला गेलती. आमी तिघी मदरपाशी. मदर म्हणायली, "आक्वा."

अक्कानं उशी उंच केली. मदर म्हणली, "आक्वा." खालानं पांघरूण दिलं. मी पंखा घातला. जपमाळ दिली. खिडकी उघडली, खिडकी लावली. खालाला वाटलं, बाई नीटनेटकी हाय, केस इस्कटलेत म्हणून जीव चालला असंल. तिनं फणी दिली. मदरनं ती फणी डाव्या हातात धरली अन् डोळ्यांतून पाणी काढलं.

दुपार कलल्यावर क्लारा आली. दारातूनच तिनं तो शब्द ऐकला. चप्पल न काढता आत गेली अन् पाण्याचा तांब्या उचलला. मदर दोन तांबे पाणी प्याली.

खालानं भिंतीकडं तोंड केलं. म्हणली, "सुबू से पानी मंगरी थी गे बुड्ढी. हमे उसकू कंगी दिये."

*

महिनाबी गेला न्हाई, तर अमीनसाहेब हुकूम घेऊन आले. अमीन म्हंजे त्या वक्ताचा फौजदार. लढाई चालू होती. इटली इंग्रजाच्या उलट गेली, म्हणून हितली इटलीची माणसं दुश्मन ठरली. त्यांना छावणीत न्यायचं होतं.

अमीननं मदरकडं बघितलं. म्हणले, "ये दुश्मन तो उठ के बैठ बी नै सकती. इसे रहने दो." क्लाराला आठ दिसांची मुदत दिली.

क्लारा ओसरीवर बसली. रडली न्हाई. उठली, पाटी आणली, म्हणली, "तुम्हा तिघींना आता तिची बोली शिकावी लागेल. मी गेल्यावर तिच्याशी बोलायला कोणी नसेल."

पाटीचं काही जमलं न्हाई. क्लाराची अक्षरं डावीकडून निघायची. खालाला थोडी उर्दू येत होती, ती उजवीकडून निघायची. दोघींची बोटं पाटीच्या मधोमध टक्कर घ्यायची! अक्का म्हणली, "सिस्टर, मला तर पाटीवर निस्ता खडू दिसायलाय."

बरं, शब्द तोंडपाठ करावा, तर त्याच्यात आणखी एक भानगड. आपण बोलतो ते सपाट रानावून चालल्यागत. त्यांच्या बोलीत दर शब्दात एक उंचवटा असतो, तिथं आवाज चढवून टाकायचा. अन् तो एका जागी राहील तर शपथ! 'आपण खातो' म्हणताना मधी, 'ते खातेत' म्हणताना पयल्यालाच, 'मी खाईन' म्हणताना पार शेवटाला. आपण उंचवटा चुकवला की मदर तोंड फिरवायची. नन व्हायच्या आधी ती तिच्या देशात शाळा शिकवायची. अर्धं अंग गेलं, मास्तरीण गेली न्हाई.

तिसऱ्या दिशी आमी तिघी उखळात बाजरी कांडीत होताव. तीन मुसळं एका उखळात. एकीचं वर, एकीचं मधी, एकीचं खाली. क्लारा दारात उभी राहून बघत होती. एकदम वरडली, "थांबू नका! थांबू नका!"

तिनं शब्दाचे तीन तुकडे केले अन् तिघींना वाटून दिले. खालाला 'मां', अक्काला 'जा', मला 'मो'. मांजामो. आपण खातो. ज्या तुकड्यावर उंचवटा, तिचा घाव जोराचा. हितं अक्काचा.

मां-जा-मो! मां-जा-मो! अर्ध्या घटकेत शब्द हातात बसला.

मग क्लारा म्हणली, "आता 'मांजानो'. ते खातात. जोर हुसेनबीचा." खालानं जोरानं हाणलं. पर अक्काचा हात सवयीनं चालला, तिनंबी जोरानं हाणलं. मुसळाला मुसळ भिडलं, अन् बाजरी आंगणभर!

'आपण खाऊ' ह्या शब्दाचे तुकडे चार निघाले. मां-जे-रे-मो. चौथं मुसळ कुठून आणायचं? क्लारानं पांढरा झगा कमरंला खोवला अन् स्वतः हुभी राहिली. जोर तिसऱ्या तुकड्यावर होता, तो माझा. जन्मात पयल्यांदा माझ्या वाट्याला मानाचं काही आलं, तर ते उखळात!

आठ दिसांत आमी चार पायली बाजरी अन् अकरा शब्द कांडले.

*

त्या आठ दिसांत एक सोमवार आला. अन् चालू होता रमजान.

उखळापाशी हुभं राहून क्लारा म्हणली, "चला. 'मांजो'. मी खाते."

अक्कानं मुसळ खाली ठिवलं. "आज सोमवार हाय सिस्टर. मला उपास हाय. 'मी खाते' कसं म्हणू?"

"अगं, हा फक्त शब्द आहे!"

"शब्द तोंडातूनच जातो की. मी 'ते खातेत' म्हणते. ते खाऊ देत बापडे."

क्लारानं खालाकडं बघितलं. खाला म्हणली, "मैं रोजे में हूं. जुबान कू बी रोजा रहता."

क्लारानं अक्काचं मुसळ भिंतीला टेकवलं. मग वळून मला म्हणली, "सोना, आज गावात तू एकटीच जेवणार आहेस. बोल!"

मी दिसभर त्या दोघींच्या म्होरं हुभी राहून 'मी खाते, मी खाते' करीत मुसळ हाणलं. सांजच्याला अक्का म्हणली, "मेले, ऐकून ऐकून माझं पोट भरलं. उपास मोडला का काय कुणाला इचारू?"

*

अमीनसाहेबाला कुणीतरी चुगली केली. दवाखान्यातल्या बाया आंगणात दुश्मनाची भाषा कांडायल्यात म्हणून! अमीन मुन्शीला घेऊन आले. आमी कांडायचं थांबवलं.

"क्या बोल रहे थे तुम लोग?"

खालाचा हात मुसळावर. "खाने का बोल रहे थे सरकार. मैं खाती, तू खाती, वो खाती."

"बस?"

"पीने का बी है. लेकिन वो कल का सबक है."

अमीननं मुन्शीला म्हणलं, लिहून घे. मुन्शीनं कागद मांडीवर घेतला, टाक बुडवला. खालानं शब्द सांगितला. मुन्शीनं लिहिला अन् वाचून दाखवला. सपाट, रानावून चालल्यागत. आतून मदरनं खाटंच्या लाकडावर बोटानं वाजवलं. टक-टक-टक. मधला टक जोराचा. मुन्शीनं पुन्हा वाचलं. पुन्हा आतून टक-टक-टक. तिसऱ्यांदा वाचलं, तर आतून अशी आरडली मदर की मुन्शीच्या हातातून टाक पडला.

खाला लय अदबीनं म्हणली, "लिख के नै होता सरकार. कूट के होता."

अमीननं टोपी काढली, घाम पुसला, अन् गेले. हसले का न्हाई ते सांगता येत न्हाई. पाठ होती आमच्याकडं.

*

क्लारा गेली त्या दिशी गावातल्या बाया गाडीमागं वेशीपस्तोर गेल्या. मी गेले न्हाई. मदरपाशी कुणीतरी पायजे होतं.

निघायच्या आधी क्लारा मदरपाशी बसली, काय काय बोलली ते आपल्याला कळलं न्हाई, आपल्याकडं अकराच शब्द. मग ती भाईर आली अन् आमाला म्हणली, "मी परत येईपर्यंत तिला बोलतं ठेवा. तिचं बोलणं थांबलं की खाणं थांबेल. खाणं थांबलं की..." अन् मधीच माझ्याकडं वळली. माझी हनुवटी धरली. "आणि तू खोड्या कमी कर."

मी म्हणलं, "करीन."

खाला मागून म्हणली, "झूट बोलरी."

क्लारा हसली, अन् हसता हसताच गाडीत बसली. तिला हसताना आमी पुन्हा लय दिस बघितलं न्हाई.

*

आता हे अक्काचं सांगते. ही गोष्ट अक्का हयात हुती तवर मी कुणाला सांगितली न्हाई.

खाटंपासून उठून चुलीकडं जाताना 'येते हं' म्हणायचं, तर त्यांच्यात म्हणतेत 'तोर्नो'. घाव 'तोर'वर. मी परत येते. तोच शब्द, पर घाव 'नो'वर पडला तर त्याचा अर्थ, ती परत आली. क्लारानं दोन्ही कांडून घेतलं होतं.

अक्का पेज आणाया उठली. घाईत होती. घाव 'नो'वर पडला.

अक्का तर चुलीकडं गेली. मी बघितलं, मदरचे डोळे मोठे झाले. डाव्या हातानं तिनं डोक्याचं पांढरं फडकं मागितलं. मी दिलं. नीट बांध म्हणून खुणावलं. मी बांधलं. भिंतीला टेकून बसव म्हणून बोट दावलं. बसवलं. अन् ती दाराकडं बघत बसली. सकाळपासून दिवेलागणीपस्तोर. कुणी दारातून आलं की मान उचलायची, अन् मग खाली घालायची.

काय झालं ते आमाला दुपारी कळलं. पर 'चुकलं' म्हणायला शब्दच न्हवता आमच्याकडं. अकरात तो बसला न्हवता.

तिथून पुढं अक्कानं तो शब्द सोडला. खोलीतून जाताना ती काहीच म्हणायची न्हाई. मदरकडं तोंड करून, हात हालवीत, उलट्या पावलांनी जायची. दोन खेपा उंबऱ्याला अडखळून पडली. कुणी हसलं न्हाई. मीबी न्हाई.

*

पाऊसकाळ सरला अन् मदर गप झाली. आमी बोलावं, तिनं छताकडं बघावं. मग खाणं थांबलं. दात गच्च मिटून घ्यायची. अक्कानं पेजंत दूध घातलं, गूळ घातला. खालानं नाक दाबून बघितलं, मग स्वतःच रडली. आमी आपले मुसळागत एका तालात, 'मांजा, मदर, मांजा'. खा, मदर, खा. घाव बराबर 'मां'वर. एक चूक न्हाई. अन् एक घास न्हाई.

तिसऱ्या दिशी माझं डोकं फिरलं. चमचा हातात. मी दात-ओठ खाऊन म्हणलं, "मां-जा!" घाव 'जा'वर. रागाच्या भरात गेला.

मदरचे डोळे छतावून खाली आले. माझ्याकडं बघितलं. बोट खाटंच्या लाकडावर वाजलं. अन् सुधरून सांगायला तिनं तोंड उघडलं, "मांजा!"

तोंड उघडल्याबराबर मी चमचा आत सारला.

पेज आत! गिळली! अन् गिळून पुन्हा माझ्याकडं रागानं बघायली.

मी पुन्हा चुकले. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा चमचा. अक्का दारात हुभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

एका वाटीला वीस-बावीस चुका लागायच्या. अन् चुकणं म्हंजे काही सोपं काम न्हाई बरं! तीच चूक चार खेपा केली की मदर कंटाळायची, बघायचीच न्हाई. रोज नवी चूक पायजे. अन् चूक नेमकी करायची तर बराबर काय ते आधी पक्कं ठावं पायजे. न्हाईतर चुकून बराबर बोललं जायचं, अन् घास वाया!

अक्काला तर ते जमलंच न्हाई. तिनं आठ दिस इतक्या भक्तीनं कांडलं होतं की तिच्या तोंडून चूक निघंचना. चमचा धरून बसायची अन् बराबर बोलायची, मग कपाळ बडवून घ्यायची. खाला सकाळी नमाजाआधी हातपाय धुवून वजू करता करता माझ्याशी बोलायची, "आज की गलती सोची क्या गे?"

जन्मभर चुकांपायी मार खाल्ला मी. दोन उन्हाळे तेवढ्याच कामाला आल्या.

*

आता शेवटचं ऐका अन् घरी जा.

हरभऱ्याला तिसऱ्या खेपंचे घाटे भरले होते तव्हा क्लाराला सोडलं. गाडी दारात आली, आमी आधी वळखलंच न्हाई. हाडं निघालती. मनगट माझ्या मुसळाच्या मुठीएवढं. खालानं तिला उतरवून घेतलं अन् निस्ता पाठीवून हात फिरवला.

क्लारा नीट मदरच्या खोलीत गेली. खाटंपाशी खाली बसली. अन् बोलाया लागली. अगं काय बोलत होती! झरा फुटल्यागत. आमच्या अकरा शब्दांतला एखादा मधीच चमकून जायचा, बाकी समदं पाणी. दोन वरसांचं साचलेलं.

मदर छताकडं बघत होती.

अक्कानं पेजंची वाटी आणून दिली. क्लारानं चमचा भरला, मदरच्या ओठापाशी नेला. लय मायेनं म्हणली, "मांजा, मदर." एकदम बराबर. त्यांचीच बोली ती, त्या मातीतली.

दात मिटलेले.

क्लारानं पुन्हा म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणलं. चमच्यातली पेज मदरच्या हनुवटीवून गळ्याकडं गेली. क्लारानं ती पदरानं पुसावी तशी झग्याच्या बाहीनं पुसली. आमच्याकडं वळली. "ती मला ओळखत नाही. ती खात नाही का? तुम्ही तर पत्रात लिहवून कळवलं होतं, ती खाते म्हणून."

खालानं माझ्याकडं बघितलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्होरं सरकले.

"सिस्टर," मी म्हणलं, "चुकीचं बोला."

"काय?"

"घाव चुकीच्या जागी घाला. बराबर बोललं की ती ऐकतच न्हाई."

ती माझ्या तोंडाकडं बघायली. मग कळलं तिला. तोंड फिरवून तिनं पुन्हा शब्द उचलला. निघाला तो बराबरच. दुसऱ्या खेपंला बराबर. आणखी एक खेप, बराबर. तिच्या कपाळावर घाम आला.

"मला येत नाही, सोना."

"आमालाबी येत न्हवतं. शिकलाव."

मी तिचा हात घेतला. माझ्या बोटानं तिच्या तळव्यावर दोनदा वाजवलं. पयला हळू. दुसऱ्याला चिमटा काढला. असा काढला की ती कळवळली.

"मां-जा!"

घाव 'जा'वर. आवाज फाटला तिचा.

मदरचे डोळे छतावून खाली आले. क्लाराच्या तोंडाकडं बघितलं. गालाच्या हाडांकडं बघितलं. मनगटाकडं बघितलं. लय येळ बघितलं. मग खाटंच्या लाकडावर बोट वाजलं, अन् मदर म्हणली, "मांजा."

मी वरडले, "सिस्टर, घास!"

क्लारा हालली न्हाई. हालली ती मदर. डाव्या हातानं तिनं क्लाराच्या हातातला चमचा धरला. पेज सांडत होती. चमचा वळवून तिनं क्लाराच्या ओठाला लावला.

"मांजा, क्लारा."

क्लारानं तोंड उघडलं. खाल्लं.

मग मदरनं आपलं तोंड उघडलं.